डॉ. लूसी विल्स : आपल्या शाळेतल्या गुलाबी गोळीची गोष्ट



आज एका चरित्राची ओळख करून देणार आहे. पण सुरुवात आमच्या शाळेच्या खिडकीपासून करते.

मी चारोटी परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. महामार्गापासून आत गेलं की पाडे लागतात, त्यातल्याच एका पाड्यावरची आमची शाळा. आपल्या सगळ्यांच्या शाळांप्रमाणे आमच्याकडेही आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. पहिली ते पाचवीला गुलाबी, मोठ्या मुलांना निळी. मागच्या पावसाळ्यात वर्गाच्या मागचं गवत काढताना खिडकीखाली सात-आठ गुलाबी गोळ्या सापडल्या. पाण्याने रंग गेलेला, अर्ध्या विरघळलेल्या. मुलं माझ्यासमोर गोळी तोंडात टाकत होती आणि माझी पाठ वळली की खिडकीतून बाहेर थुंकत होती.

मी रागावले. मग विचार केला, चूक कोणाची? सुरुवातीच्या वर्षी मी स्वतःच परिपाठ झाल्याझाल्या, मुलं उपाशीपोटी असताना गोळ्या वाटल्या होत्या. दोघांना उलटी झाली होती. एका आईने येऊन विचारलं होतं की पोराला काळी शी का होते. मला धड उत्तर देता आलं नव्हतं. जी गोष्ट मला नीट माहीत नाही ती मी मुलांच्या गळी उतरवत होते. म्हणून मी वाचायला घेतलं की ही गोळी आली कुठून. वाचता वाचता एक बाई भेटली. आणि तिचं काम कुठे झालं, तर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आपल्या परळला!

बालपण आणि शिक्षण

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि घराण्याचा अवजारं बनवण्याचा व्यवसाय होता. आई डॉक्टरची मुलगी. म्हणजे घरात पैसाही होता आणि विज्ञानही. लूसीचा भाऊ लिओनार्ड पुढे नामांकित भूशास्त्रज्ञ झाला. मुलीलाही शिकवायचं याबद्दल या घरात वाद नव्हता.

त्या काळात इंग्लंडमध्ये मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या. लूसी चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत शिकली. १९०७ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. तिथे वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेतले आणि १९११ मध्ये परीक्षा पास झाली. पण केंब्रिज विद्यापीठ तेव्हा मुलींना पदवी देत नव्हतं! अभ्यास करा, परीक्षा द्या, पास व्हा, पण पदवी मुलांनाच. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. आपल्या वर्गातल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगा. आपल्याला वाटतं की असले अडथळे आपल्याकडेच होते.

१९११ मध्येच वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली. लूसी आईबरोबर सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आली आणि पुढे भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. ती तिथे असतानाच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. केपटाऊनच्या रुग्णालयात तिने स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केलं. आतापर्यंत दगड आणि झाडं यांचा अभ्यास केलेली ही मुलगी पहिल्यांदाच आजारी माणसांजवळ बसली. आयुष्यात काय करायचं हे तिचं तिथेच ठरलं असावं. कारण १९१५ च्या सुरुवातीला इंग्लंडला परतून तिने लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातलं. ते विद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाला जोडलेलं होतं.

१९२० मध्ये ती डॉक्टर झाली, वयाच्या ३२ व्या वर्षी. पण दवाखाना थाटला नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या अंगाने रोगांचा अभ्यास करायचा, ही तिची आवड. गरोदरपणात शरीरात काय बदल होतात यावर तिने तिथे काम केलं. हाच विषय तिला पुढे हिंदुस्थानात घेऊन आला.

मुंबईचं बोलावणं

त्या वेळी हिंदुस्थानात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्या फार मोठी होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टर बाई इथे अनेक वर्षं स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करत होत्या. मातामृत्यूंची चौकशी सुरू झाली तेव्हा त्यांनी पाहिलं की बऱ्याच गरोदर बायकांना एक वेगळ्याच प्रकारचा रक्तक्षय होतो आणि त्यात त्या दगावतात. हा रक्तक्षय समजून घ्यायला प्रयोगशाळेत काम करणारं माणूस हवं होतं. त्यांनी लूसी विल्स यांना बोलावलं.

१९२८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, लूसी विल्स मुंबईला आल्या. कामाची जागा होती परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात प्रयोगशाळा थाटली होती. १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. आजही ती वास्तू तिथेच उभी आहे.

परळ म्हणजे गिरणगावाचं काळीज. १९२८ हे वर्ष तर गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपाचं. गिरण्यांमध्ये हजारो बाया काम करत होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा चालली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. म्हणजे एकीकडे कायदेमंडळात या बायांच्या रजेचा विचार चालू होता आणि दुसरीकडे प्रयोगशाळेत त्यांच्या रक्ताचा.

नेमकं कोडं काय होतं?

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण आपल्याला तो पालकांना समजवायचा आहे.

रक्तक्षय म्हटलं की आपण लगेच म्हणतो, लोह कमी आहे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. पण मुंबईच्या या बायांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी कमी होत्या, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या! लोहाने हा आजार बरा होत नव्हता.

मोठ्या पेशींचा आणखी एक रक्तक्षय तेव्हा माहीत होता. त्याला घातक रक्तक्षय म्हणत. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं होतं की यकृत म्हणजे कलेजी खायला दिली की तो रोगी सुधारतो. मग मुंबईतल्या बायांचा रोग तोच का? दिसायला तसाच. पण घातक रक्तक्षय बहुतेक उतारवयात होतो आणि इथे तर वीस-पंचवीस वर्षांच्या लेकुरवाळ्या बाया होत्या.

लूसी विल्स यांनी एकेक शक्यता तपासून बाजूला करायला घेतली. गणितात आपण पर्याय खोडत जातो ना, तसंच.

पहिली शंका जंतूंची. पोटात कसला संसर्ग आहे का? त्यांनी रुग्णांची विष्ठा तपासली. रोगाला जबाबदार धरावा असा जंतू काही सापडला नाही.

मग आहार. त्यांनी सहकारी तळपदे यांच्याबरोबर मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. कोण काय खातं, किती खातं, घरात उजेड-वारा किती. या पाहणीतून असं दिसलं की आजार सगळ्या थरांत सारखा नाही. गरीब मुस्लिम बायांमध्ये तो सर्वांत जास्त होता आणि त्यांच्याच ताटात भाजीपाला, फळं, दूध सर्वांत कमी होतं. खात्यापित्या घरच्या बायांमध्ये तो क्वचितच. म्हणजे रोगाचं मूळ ताटात होतं. धर्माचा त्याच्याशी संबंध नव्हता, गरिबीचा होता.

आता हे सिद्ध करायचं कसं? त्यांनी उंदरांना तसाच निकृष्ट आहार दिला. गाभण उंदरांना रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट घातलं की होत नव्हता. कोडं सुटलं असं वाटलं. पण पुढे लक्षात आलं की प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या संसर्गाने त्यांचं रक्त कमी होत होतं. म्हणजे तो पुरावा कच्चा निघाला. ही गोष्ट मला फार आवडते. प्रयोग चुकला तर तो झाकायचा नाही, पुन्हा करायचा. मुलांना विज्ञान शिकवताना आपण यशाच्या गोष्टीच सांगतो, असल्या उवांच्या गोष्टी सांगत नाही.

त्यांनी पुन्हा प्रयोग केले, या वेळी माकडांवर. सहकारी होते बिलिमोरिया. मुंबईच्या गरीब बायांच्या ताटासारखा आहार माकडांना दिला आणि माकडांना तसाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. आता शंका उरली नाही. खाण्यातली कुठली तरी उणीवच या रोगाला कारण होती.

या काळात त्या एका जागी बसून नव्हत्या. १९२९ मध्ये काही महिने दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९३१ मध्ये मद्रासच्या बायकांच्या रुग्णालयात त्यांनी काम केलं. मधल्या काही उन्हाळ्यांत इंग्लंडला जाऊन तिथेही हेच काम चालू ठेवलं.

स्वस्तातलं औषध

यीस्टमुळे फरक पडतो हे कळलं. पण गरीब बाईला रोज कलेजी परवडणार नाही आणि महागडं औषध तर नाहीच. लूसी विल्स यांनी निवडलं मार्माइट. इंग्लंडमध्ये १९०२ पासून मिळणारा हा काळा, चिकट, खारट पदार्थ. बीअर तयार करताना खाली जे यीस्ट उरतं त्यापासून तो बनवतात. तिकडे लोक तो पावाला लावून खातात. किंमत थोडी, टिकतो बराच.

रुग्ण बायांना मार्माइट सुरू केलं. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या बायांना भूक लागू लागली, अंगात ताकद येऊ लागली. १९३१ मध्ये लूसी विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले. गरोदर बायांप्रमाणेच असाच रक्तक्षय असलेल्या इतर रुग्णांनाही उपयोग झाल्याचं त्यात होतं.

त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली. यकृताचा साधा, कच्चा अर्क दिला की या बायांना गुण येई. पण घातक रक्तक्षयावर चालणारा, शुद्ध केलेला अर्क दिला की गुण येत नसे. याचा अर्थ यकृतात रक्त वाढवणारे पदार्थ एक नव्हे, दोन आहेत. आणि शुद्ध करताना त्यातला एक निघून जातो. हा जो निघून जाणारा पदार्थ, त्याला पुढे लोक विल्स घटक म्हणू लागले. तो नेमका काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो आहे, हे परळच्या प्रयोगशाळेतून जगाला कळलं.

पानावरून पडलेलं नाव

पुढची दहा-बारा वर्षं निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले होते. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांमधून एक पदार्थ वेगळा केला गेला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून नाव पडलं फॉलिक अॅसिड. पालेभाजीत ते असतं हे त्याच्या नावातच आहे!

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आलं. तिथल्या संशोधनाची धुरा होती येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेला हा माणूस. सुब्बाराव यांच्या एका भावाचा तरुणपणीच स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगाने जीव घेतला होता आणि त्या रोगाचा त्रास त्यांनी स्वतःही भोगला होता. स्प्रूमध्ये महिनोन्महिने जुलाब होतात, आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि शेवटी रक्त कमी होतं. रक्तक्षय तोच, मोठ्या पेशींचा! टॉम स्पाइस या डॉक्टरांनी फॉलिक अॅसिड देऊन पाहिलं तर निकृष्ट आहारामुळे झालेला रक्तक्षय आणि स्प्रूमधला रक्तक्षय दोन्हींना उतार पडला.

मुंबईच्या गिरणगावातल्या बाया आणि भीमावरमचा एक तरुण. दोघांचं दुखणं वेगळं, पण उणीव एकच. एकीकडे ताटातच नव्हतं, दुसरीकडे ताटातलं आतड्यातून रक्तापर्यंत पोचत नव्हतं.

यकृतातला तो दुसरा पदार्थ, शुद्ध अर्कात टिकून राहणारा, १९४८ मध्ये सापडला. तो म्हणजे जीवनसत्त्व बी-१२.

आतडं, ऊन आणि रक्त

इथे थोडं घरचं सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपासून मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार आहे. तिचं हिमोग्लोबिन वाढतच नव्हतं. लोहाच्या गोळ्या घेऊन पोट जास्तच बिघडायचं. घरात सगळे म्हणायचे, नीट खात नाही म्हणून होतं. मीही म्हणाले आहे. नंतर तज्ज्ञ डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या तेव्हा लोहाबरोबर डी जीवनसत्त्वही खूप कमी निघालं. तिची उपचारांची दिशा बदलली आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

लूसी विल्स यांचं काम वाचल्यावर मला हे जास्त चांगलं कळलं. आतड्याच्या आजारात रक्त कमी होण्याची कारणं एकाहून जास्त असतात. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, फॉलिक अॅसिड त्याच्या पुढच्या भागात आणि बी-१२ शेवटच्या टोकाला. जिथे सूज असेल तिथलं शोषण बिघडतं. जखमांमधून रक्तही जातं. आणि अंगात सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं. ते लोहाला कोठारात कुलूप लावून ठेवतं. शरीरात लोह असतं, पण रक्त तयार करायला मिळत नाही.

डी जीवनसत्त्वाचा संबंध इथे येतो. आपण ते हाडांचं जीवनसत्त्व म्हणून शिकवतो. ते बरोबरच आहे. पण शरीराची संरक्षण यंत्रणा आवरात ठेवायलाही ते लागतं. ते कमी असलं की सूज वाढलेली दिसते आणि काही छोट्या अभ्यासांत ते दिल्यावर हेप्सिडिन कमी झालेलं आढळलं आहे. आतड्याच्या रुग्णांमध्ये त्याचा रक्तवाढीसाठी किती उपयोग होतो याचे निष्कर्ष मात्र अजून सारखे येत नाहीत. म्हणून स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातून डी च्या गोळ्या आणून घेऊ नयेत. जास्त झालं तर तेही बाधतं. तपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढंच.

उन्हाबद्दलचा एक जुना धडाही आपल्याच मुलखातला आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी मुंबई इलाख्यातल्या मुलांचा मुडदूस या रोगाच्या दृष्टीने अभ्यास केला. त्यांना दिसलं की उघड्यावर खेळणारी, कामाला जाणारी गरीब मुलं निकृष्ट खाऊनही या रोगातून सुटतात आणि पडद्यात वाढणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना तो होतो. फरक होता उन्हाचा. म्हणजे एका उणिवेने गरिबाला गाठलं आणि दुसरीने श्रीमंताला.

पुढचं आयुष्य

१९३३ मध्ये लूसी विल्स रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या. १९३७ मध्ये विमानाने पाच दिवसांचा प्रवास करून त्या पुन्हा काही आठवडे हाफकिनमध्ये काम करायला आल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्यांनी रुग्णालयाची प्रयोगशाळा चालू ठेवली. युद्धकाळात अन्न मोजून मिळत होतं, तेव्हा गरोदर बायांना लोह दिल्याने काय फरक पडतो हेही तपासलं. म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिड, आपल्या गोळीतल्या दोन्ही गोष्टींवर या एका बाईने काम केलेलं आहे.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास करत राहिल्या. शेवटची दहा वर्षं लंडनच्या चेल्सी भागातून त्या नगरसेविकाही होत्या. त्यांनी लग्न केलं नाही. साधी राहणी, डोंगरात भटकायची आवड आणि रुग्णालयात जायला मोटारीऐवजी सायकल. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या पश्चातही त्यांचं काम वाढतच गेलं. १९९१ मध्ये एका मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं की आधीचं बाळ मज्जारज्जूच्या दोषासह जन्मलेल्या आईने गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर पुढच्या बाळाला तो दोष होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. २०१९ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र मला त्यांचं नाव आढळलं नाही. म्हणूनच हा लेख.

आपल्या वर्गासाठी

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आहे. म्हणजे लूसी विल्स यांचं काम अजून संपलेलं नाही आणि त्यातला छोटासा वाटा आपल्याकडे आलेला आहे. मी काय बदललं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

१. गोळी आता मध्यान्ह भोजनानंतरच देते. उपाशीपोटी कधीच नाही. तेव्हापासून उलटीची तक्रार जवळजवळ बंद झाली.

२. पालकसभेत आधीच सांगते की शी काळी होईल, ती लोहामुळे होते, घाबरायचं कारण नाही. आधी सांगितलं की माहिती असते, नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

३. गोळीत काय आहे ते मुलांना सांगते. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, निळीत ६० मिलिग्रॅम आणि ५०० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांचं गणितही होऊन जातं.

४. पावसाळ्यात रानभाज्यांचा तास घेते. टाकळा, शेवळं, कुड्याची फुलं, करटोली, मुलं स्वतःच घेऊन येतात. ही नावं मला त्यांनीच शिकवली. पालेभाजी फार वेळ शिजवली आणि पाणी फेकून दिलं की फॉलिक अॅसिडही जातं, हे आयांना सांगायला विसरत नाही. सोबत लिंबू किंवा आवळा असला की भाजीतलं लोह अंगी चांगलं लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं.

५. जंतनाशक गोळीच्या दिवशी कुणी गैरहजर राहिलं तर नंतर आठवणीने देते. पोटात जंत असतील तर बाकीचं सगळं वाया.

६. सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. एखादं मूल सारखं थकत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर नुसती गोळी देऊन थांबू नका. आरोग्य केंद्रात पाठवून रक्त तपासून घ्या. तसंच महिनोन्महिने जुलाब, शीमधून रक्त, वजन घटणं असेल तरीही. लूसी विल्स यांनी आपल्याला हेच शिकवलं की दिसायला सारखा असणारा प्रत्येक रक्तक्षय एकच नसतो.

आणि हो, ही गोष्ट मी वर्गात सांगितली. उंदरांच्या उवांपाशी सगळे हसले. माकडांपाशी गप्प झाले. एका मुलीने विचारलं की ती बाई आपल्याकडे आली होती का. मी म्हटलं, परळपर्यंत आली होती, आपल्यापर्यंत तिची गोळी आली. त्यानंतरच्या आठवड्यात मी मुद्दाम खिडकीमागे जाऊन पाहिलं. दोन गोळ्या होत्या. आधी सात-आठ होत्या. अजून काम आहे, पण दोनवर आलोय.

तुमच्या शाळेत काय अनुभव आहे ते नक्की कळवा. पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाच्या डोळ्याची खालची पापणी हळूच खाली ओढून बघा. आतली बाजू फिकट, पांढरट वाटली तर गोळी घेतो का ते विचारा आणि एकदा रक्त तपासून घ्या.